वरचे कोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. मी ती आयुष्यात एकदाच चढलो. वादी म्हणून नव्हे, प्रतिवादी म्हणून नव्हे. नुसता साक्षीदार म्हणून. पिंजऱ्यात उभा होतो तो जेमतेम पाऊण तास. पण त्या पाऊण तासात मी एक शब्द बोलून गेलो, आणि त्या शब्दाने पुढे तालुक्याचे कोर्ट, जिल्ह्याचे कोर्ट आणि मुंबईचे हायकोर्ट अशी यात्रा केली. मी गावातच राहिलो. माझा शब्द मात्र मुंबईला जाऊन आला. त्या शब्दाची, आणि त्याच्या निमित्ताने मला जवळून पाहायला मिळालेल्या वकिलीच्या पेशाची ही हकीकत आहे. दिवाळीच्या दिवसांत कोर्टकचेरीचा कडवटपणा कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावल्यावरच आपण फराळाला बसतो ना? हा तसाच एक थेंब समजावा.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण दहावीपर्यंत, आणि वर चित्रकलेची एक पदविका. दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात, तेव्हा मीही स्वतःला मॅट्रिक झालेला मास्तर म्हणवून घेतो. फावल्या वेळात दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या. शाळेत माझ्याच बाकावर बसणारा एक मित्र मात्र पुढे शिकला, पुण्याहून कायद्याची पदवी घेऊन आला, आणि 2001 साली सनद मिळवून आमच्याच तालुक्याच्या कोर्टात उभा राहू लागला. सातारा जिल्ह्यातले आमचे गाव. तिथे वकील झालेल्या पोराकडे लोक दोन नजरांनी पाहतात. तोंडावर 'वकीलसाहेब' म्हणतात आणि पाठ फिरली की म्हणतात, "काळ्याचं पांढरं करायचे पैसे घेतो." माझी आई तर त्याला समोरच विचारी, "काय रे, आज कुणाचं खोटं खरं केलंस?" तो हसून म्हणे, "मावशी, ज्याने आधी फी दिली त्याचं."

हा विनोद झाला. पण आईच्या प्रश्नात जो खरा प्रश्न दडलेला होता, तो मला पुष्कळ वर्षे छळत राहिला. आपली जीभ दुसऱ्याला वापरायला देणे हे नीतीत बसते का? मास्तराला जे खरे वाटते ते तो शिकवतो. कीर्तनकाराला जे पटते ते तो सांगतो. वकील मात्र जे सांगतो ते त्याचे नसतेच, अशिलाचे असते. उद्या पलीकडच्या माणसाने आधी त्याच्याकडे वकीलपत्र दिले असते, तर त्याच तोंडाने तो उलट बोलला असता. मग अशा माणसाच्या अंगी सचोटी म्हणून जी असेल, ती राहते तरी कुठे?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते आमच्या गल्लीत सापडले.

आमच्या घराच्या समोर एक वृद्ध बाई राहत असत. सारी गल्ली त्यांना काकू म्हणे. घर त्यांच्या स्वतःच्या नावावर होते. तीन मुले नोकरीधंद्याला बाहेरगावी, आणि मुलगी, जिला आम्ही अक्का म्हणतो, ती संसार मोडल्यामुळे माहेरी परत आलेली. अकरा वर्षे अक्काने आईचे सगळे केले. काकू ऊठसूट म्हणत, "हे घर माझ्या माघारी अक्काचं." हे वाक्य मी निदान पन्नास वेळा तरी ऐकले असेल. 2006 सालच्या पावसाळ्यात त्यांनी मृत्युपत्र केले. गल्लीतल्या एका वयस्क गृहस्थांनी साक्षीदार म्हणून काकूंच्या खाटेशी बसून सही केली. दुसरा साक्षीदार मी ठरलो होतो, पण शाळेमुळे त्या वेळी हजर नव्हतो. संध्याकाळी अक्का तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, छत्री घेऊन आमच्या सोप्यावर आली. "मास्तर, तुमची तेवढी राहिली." मी चित्राच्या फळीवर कागद ठेवला आणि सही ठोकली. चहा झाला. ती गेली. सही करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात फळीवरचा खडूचा डागसुद्धा पुसून झाला नसता.

काकू 2008 मध्ये गेल्या. त्यांच्याआधी ते दुसरे साक्षीदारही गेले होते. पुढच्याच वर्षी भावांनी वाटणीचा दावा लावला. मृत्युपत्र आम्हांला मान्य नाही, हे त्यांचे म्हणणे. अक्का माझ्या मित्राकडे गेली आणि त्याने वकीलपत्र घेतले.

इथे कायदा थोडा सांगितला पाहिजे. मृत्युपत्र हा मोठा चमत्कारिक कागद आहे. तो बोलू लागतो तेव्हा तो लिहिणारा जिवंत नसतो. "बाई, हे तुम्हीच लिहिलंत का?" असे विचारायला कोणी उरलेले नसते. म्हणून 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने दोन साक्षीदारांची अट घातली. त्या दोघांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिले पाहिजे, निदान 'हा माझाच अंगठा' असे त्याच्या तोंडून ऐकले पाहिजे. आणि आपली सही त्याच्या समोर केली पाहिजे. पुढे त्यातला एक तरी साक्षीदार हयात असेल तर त्याला कोर्टात उभे करावे लागते. म्हणजे आमच्या खटल्यात सारे घर एका मास्तराच्या सहीवर तोलून उभे होते.

मित्राने मला बोलावून घेतले. चहा मागवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सही कुठे केलीस?"

"आमच्या सोप्यावर."

"काकू?"

"त्यांच्या घरात. खिडकीशी खाट होती त्यांची. मध्ये गल्ली, पंधरा फुटांची."

"खिडकी उघडी होती?"

मी गप्प झालो. मग म्हणालो, "पाऊस होता. तिरका येत होता."

तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हे असंच कोर्टात सांग."

मी चिडलो. काकूंची इच्छा काय होती ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, भावांनाही ठाऊक आहे. एका खिडकीपायी त्या बाईचे छप्पर जायचे? मी सांगेन, तिच्या खाटेशी बसून सही केली म्हणून! त्यात कोणाचे काय बिघडते? खरी गोष्टच सिद्ध होणार ना?

तो म्हणाला, "मास्तर, कादंबरीत पात्राच्या मनातलं तुला ठाऊक असतं. कोर्टाला नसतं. कोर्टाला तू काय पाहिलंस तेवढंच सांगता येतं. तुला जे खरं वाटतं ते सिद्ध करायला तू खोटं सांगणार. उद्या दुसरा साक्षीदार त्याला जे खरं वाटतं त्यासाठी खोटं सांगेल. मग न्यायाधीशानं धरायचं काय?"

"आणि तू? तू तर तिचा वकील!"

"म्हणूनच. मी तिच्या बाजूचं जेवढं खरं आहे ते सगळं मांडीन, गळा सुकेपर्यंत मांडीन. पण जे खोटं आहे हे मला माहीत आहे, ते माझ्या हातून तुझ्या तोंडात घालणार नाही."

ही गोष्ट अक्काच्या कानावर गेली. तिच्या नात्यातल्या एका शहाण्याने सल्ला दिला की असला हरिश्चंद्र वकील काय कामाचा. वकीलपत्र बदलले. नव्या वकिलाने मला कुठे, केव्हा, कसे, काही विचारले नाही. ते न विचारणे ही सुद्धा एक कला असते, हे मला तेव्हा कळले नाही. पिंजऱ्यात मी शपथ घेतली. वकिलाने विचारले, "तुम्ही सही काकूंच्या समोर केलीत?"

आणि मी म्हणालो, "हो, समोर."

वाचकहो, आमचे घर काकूंच्या घराच्या समोरच आहे. मी समोर बसून सही केली, हे अक्षरशः खरे आहे. हे उत्तर मी आदल्या रात्री जागून शोधून काढले होते. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला तेव्हा धर्मराजाने द्रोणाचार्यांना जी बातमी दिली, तीही अक्षरशः खरीच होती. पण तेवढ्याने त्याचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली टेकला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्याकडे रथ नव्हता. जुनी सायकल होती. तिच्यावर बसून मी घरी आलो आणि मोठ्या समाधानाने जेवलो.

2013 मध्ये निकाल अक्काच्या बाजूने लागला. गल्लीत पेढे वाटले. त्याच वर्षी माझा मित्र गाव सोडून मुंबईला गेला.

त्याच्या जाण्याचे कारण लोकांनी आपापल्या परीने लावले. कोणी म्हणाले, इथे त्याचे चालले नाही. ते थोडे खरे होते. पण मला त्याने जे सांगितले ते निराळे होते. पहिली काही वर्षे त्याने आपल्या सीनियरची बॅग धरली, तारखा घेतल्या, नकलांसाठी कारकुनाच्या टेबलाशी उभा राहिला. मग स्वतःच्या केसेस आल्या. दिवाणी कोर्टातल्या वकिलाचे मुख्य हत्यार म्हणजे प्रश्न. सरतपासणीत आपल्या साक्षीदाराकडून गोष्ट काढून घ्यायची, उलटतपासणीत दुसऱ्याच्या साक्षीदाराची गोष्ट उसवायची. एकदा बांधाच्या भांडणात त्याने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला छान कोंडीत पकडले. म्हातारा कबूल करून बसला की मी दोन शेतं पलीकडे होतो. तिथेच थांबायचे, पण तरुण रक्त! याने पुढे विचारलेच, "मग एवढ्या लांबून बांध कोरलेला तुम्हांला दिसला कसा?" म्हातारा म्हणाला, "आंब्यावर चढलो व्हतो की, आंबे उतरवाया." सारे कोर्ट हसले आणि दावा गेला. त्या दिवशी आपण एका प्रश्नाने हरलो, असे तो म्हणे. पण पुढे सावकाश म्हणे, "हरलो ते बरं झालं रे. म्हातारा खरंच आंब्यावर होता."

ह्याच स्वभावामुळे की काय, त्याला अपिलांची गोडी लागली. तालुक्याच्या कोर्टाचा निकाल जिल्हा न्यायालयात जातो, तिथून हायकोर्टात. पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासता येतात. दुसऱ्या अपिलात, 1976 च्या दुरुस्तीपासून, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच हायकोर्ट हात घालते. कोण खरे बोलले आणि कोण खोटे, हे तिथे सहसा पुन्हा पाहिले जात नाही. आणि अपिलात सहसा नवा साक्षीदार येत नाही. तिथे म्हातारा नाही, आंबा नाही, साक्षीदाराच्या कपाळावरचा घाम नाही. असतो तो कागदांचा गठ्ठा. "खाली माणसं भेटतात," तो म्हणे, "वर कागद भेटतात. खाली विचारायचं, वर वाचायचं."

मुंबईचे हायकोर्ट 1862 साली सुरू झाले तेव्हापासून त्याच्या दोन बाजू आहेत. एक मूळ दाव्यांची, ती मुंबई शहरापुरती. तिथे पूर्वी बॅरिस्टर आणि सॉलिसिटर यांचे राज्य असे. दुसरी अपिलांची, जिला वकीलमंडळी अपेलेट साइड म्हणतात. बाहेरगावच्या कोर्टांतली भांडणे वर येतात ती इकडे. ही बाजू आमच्यासारख्या मुलखातून गेलेल्या वकिलांची. आमच्या साताऱ्यात 1901 मध्ये जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे संस्कृत पंडिताचे चिरंजीव. 1926 मध्ये ते या अपिलांच्या बाजूला वकिली करू लागले. 1945 मध्ये त्याच कोर्टात न्यायमूर्ती, 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयात, आणि 1964 मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. योगायोग असा की मृत्युपत्र सिद्ध कसे करावे यावर आजही वकील ज्या निवाड्यापासून सुरुवात करतात, तो 1958 चा निवाडा त्यांनीच लिहिलेला आहे. मृत्युपत्रामुळे ज्याचा मोठा फायदा होतो त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयाची जागा ठरते. आणि असा संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावरच असते, असे त्यात सांगितले आहे.

आता माझ्या शब्दाची यात्रा ऐका. भावांनी अपील केले. त्यांच्या नव्या वकिलांनी माझी जबानी ओळ न् ओळ वाचली. मी त्यांना कधी पाहिले नाही, त्यांनी मला पाहिले नाही. पण उलटतपासणीच्या सुरुवातीला मला एक साधा प्रश्न विचारलेला होता, "तुमचं घर कुठे आहे?" आणि माझे उत्तर होते, "काकूंच्या घरासमोर." त्यांनी न्यायाधीशांना दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून दाखवली. एकाच पानावर तोच शब्द दोन वेळा. हा साक्षीदार 'समोर' म्हणतो तेव्हा खाटेसमोर म्हणतो की गल्लीसमोर? शिवाय कागद घेऊन फिरणारी अक्का, फायदा होणारीही अक्काच. 2017 मध्ये निकाल फिरला. माझी जबानी संदिग्ध ठरली. मृत्युपत्र पडले.

त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. पिंजऱ्यात समोरच्या न्यायाधीशाला मी चकवले होते. पण ज्यांनी मला पाहिलेही नाही त्यांनी केवळ वाचून मला ओळखले होते.

अक्का पुन्हा माझ्या मित्राच्या दारात गेली, आता मुंबईला. मीही सोबत गेलो. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "इंग्लंडातला 1781 चा एक निकाल आहे, कॅसन विरुद्ध डेड. एका बाईनं मृत्युपत्र केलं. कचेरीत उकडत होतं म्हणून ती बाहेर आपल्या घोडागाडीत जाऊन बसली. साक्षीदारांनी आत सह्या केल्या. तेवढ्यात घोडे मागं सरले आणि गाडीची खिडकी कचेरीच्या खिडकीसमोर आली. बाईला सह्या दिसू शकत होत्या. मृत्युपत्र टिकलं."

माझ्या जिवात जीव आला. "मग आपलीही खिडकीच आहे!"

"आहे ना," तो शांतपणे म्हणाला. "पण खिडकी उघडी होती का, हा प्रश्न खाली कोणी विचारलाच नाही. कागदावर खिडकी नाही. आणि उघडी होती असं मी म्हणणार नाही, कारण त्या दिवशी पाऊस तिरका होता, हे तू मला सांगितलं आहेस."

इंग्रजी भाषांतरात माझा 'समोर' नुसता 'उपस्थितीत' झाला होता. हायकोर्टाच्या कागदात माझे घर गल्ली ओलांडून थेट काकूंच्या खाटेशी जाऊन बसले होते! एखाद्या वकिलाने त्या भाषांतरावर इमारत उभी केली असती. याने ते पान उघडले, मूळ मराठी पान शेजारी ठेवले, आणि दोन्हींखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढली.

मला राहवले नाही. मी म्हणालो, "तू एवढा सत्यवादी, तर मग पहिल्यापासून गप्प का बसलास? पावसाचं तुला माहीत होतं. मी पिंजऱ्यात काय बोललो तेही तुला कळलं होतं. जाऊन सांगायचं होतंस कोर्टाला!"

"ते अक्काच्या कामात माझ्याकडे आलेलं होतं. ती तिची ठेव. मला काढून टाकलं म्हणून ठेव परत करायची असते, वाटून टाकायची नसते."

हे उत्तर मला तेव्हा पळवाट वाटले. पुष्कळ विचार केल्यावर त्यातला भेद दिसू लागला. वकिलाने अशिलाचे गुपित फोडू नये, हा नियम 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातही होता आणि 2024 मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही आहे. तो नसता तर अडलेला माणूस वकिलालाही खरे सांगणार नाही, आणि मग त्याला 'असे करू नकोस' म्हणून अडवणारे कोणी उरणारच नाही. मला तरी कोणी अडवले होते? साऱ्या गल्लीत तोच एक. मी त्याला खरे सांगू शकलो म्हणूनच तो मला 'हे असंच सांग' म्हणू शकला. गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांच्यात जी अरुंद वाट आहे, तीवरून वकिलाला जन्मभर चालावे लागते. आपण बाहेरून पाहणारे दोन्ही गोष्टींना एकच नाव देऊन मोकळे होतो.

आणि आईचा प्रश्न? जीभ दुसऱ्याला देण्याचा? वकिलानेच आधी ठरवले की हा दोषी, याच्यासाठी मी बोलत नाही, तर न्याय वकिलाच्या ओसरीवरच उरकला म्हणायचा. आपल्या महाराष्ट्राला तर याचा अनुभव आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज 1897 मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्राने लोकमान्य टिळक विश्वस्तांपैकी एक झाले, आणि विधवा ताई महाराज यांच्या दत्तकावरून वाद पेटला. टिळकांवरच खोटी साक्ष दिल्याचा आरोप आला. 1903 मध्ये मॅजिस्ट्रेटने अठरा महिने सक्तमजुरी दिली; वरच्या कोर्टात ती सहा महिन्यांवर आली; 1904 मध्ये हायकोर्टाने ती शिक्षाच रद्द केली. दत्तकाचा दिवाणी दावा निराळा चालला. 1906 मध्ये पुण्याच्या कोर्टात टिळकांच्या बाजूने निकाल, 1910 मध्ये हायकोर्टात विरुद्ध, 1915 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये पुन्हा बाजूने. साक्षी त्याच, कागद तेच, वाचणारे बदलले. त्यांतल्या कोणत्याही एका निकालाशी गोष्ट थांबली असती, तर पुस्तकांत निराळाच इतिहास छापला गेला असता.

म्हणून मला अपील ही माणसाने केलेली मोठी नम्र सोय वाटते. ज्या समाजाने न्यायाधीशाला उंच खुर्ची दिली, त्याच समाजाने त्याच्या निकालाखाली 'हा चुकूही शकतो' अशी सोय ठेवली. घरात बापाच्या निकालावर आणि शाळेत मास्तराच्या निकालावर अशी सोय क्वचितच असते. मी कितीएक मुलांचे कान धरले असतील; त्यांच्या बाजूने माझ्या निकालाची उजळणी कोणी केली?

पण त्या सोयीला मर्यादाही आहे, आणि ती मला माझ्या गावठी बुद्धीने कळली ती अशी. अपिलात चूक दुरुस्त होते ती कागदावर आलेली. कागदावर आलीच नाही ती चूक कोणत्या कोर्टाने दुरुस्त करावी? माझ्या खटल्यात तिरका पाऊस कधीच कागदावर आला नाही. तो फक्त मला, माझ्या मित्राला आणि अक्काला ठाऊक होता. 1908 साली शिक्षा होताना टिळकांनी कोर्टाला सांगितले होते की या न्यायासनाहून वरिष्ठ अशा शक्ती आहेत. मंडालेची सहा वर्षे त्यांना भोगावीच लागली. पण 1956 मध्ये त्याच हायकोर्टाने ते शब्द संगमरवरावर कोरून लावले. निरपराध माणसाला त्या वरच्या कोर्टाचा आधार वाटतो. माझ्यासारख्याला तेच कोर्ट फार जवळ आल्यासारखे वाटते.

अक्काच्या दुसऱ्या अपिलात पुढे युक्तिवाद झालाच नाही. माझ्या मित्राने तिला सरळ सांगितले, "अक्का, मी दार ठोठावू शकतो. सगळं घर मिळेल असं सांगून तुम्हांला फसवणार नाही." मृत्युपत्र नसले तरी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी म्हणून चौथा हिस्सा तिचा होताच. तो भावांच्या वकिलांकडे तीन वेळा गेला. 2023 मध्ये तडजोड झाली. मागच्या दोन खोल्या, परसू आणि विहिरीचे पाणी अक्काला. पुढचा भाग भावांचा. ज्या खोलीत काकूंची खाट होती, ती भावांकडे गेली. खटला चौदा वर्षे चालला होता. पहिल्याच वर्षी मी पावसाचे खरे सांगितले असते, तर बहुधा हीच तडजोड तेव्हा झाली असती, आणि अक्काच्या हातात चौदा वर्षे आणि वकिलांच्या फीचे पैसे उरले असते. आपण तिच्या भल्यासाठी बोललो, असे मी किती दिवस स्वतःला सांगत होतो!

यातले सगळे मी अक्कापुढे एकदा बोललो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मास्तर, कागद घेऊन तुमच्याकडे मीच आले होते ना? गल्ली ओलांडून आईपाशी चला म्हणायचं मलाही सुचलं नाही." आणि पुन्हा निवडू लागली.

ऑगस्ट 2025 मध्ये हायकोर्टाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले, आणि सातारा जिल्ह्याची अपिले तिकडे गेली. माझा मित्रही कोल्हापूरला आला. आता सुटीला एसटीने घरी येतो. परवा आमच्या सोप्यावर बसून समोर पाहत होता. भावांनी ती खोली भाड्याने दिली आहे. नव्या बिऱ्हाडाने खिडकी सताड उघडी टाकलेली होती, आणि आत कोणी तरी मूल अभ्यास करताना दिसत होते.

"दिसतंय की रे," तो म्हणाला.

"आज पाऊस नाही," मी म्हणालो.

आमच्याकडे मास्तराच्या सहीला अजून मान आहे. दाखल्याला, अर्जाला, कुठल्या कुठल्या कागदाला लोक सही मागायला येतात. पूर्वी मी बसल्या जागेवरून सही करीत असे. आता कागद वाचतो, चपला घालतो, आणि ज्याचा कागद असेल त्याच्या घरी जातो. पावसात सुद्धा.